मांडीवरचं धरून

"एकूण किती जण?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं आणि तो म्हणाला, "तीन," आणि त्याची बायको म्हणाली, "दोन." दोघं एकाच दमात बोलले. आता ह्यात आभाळ कोसळण्यासारखं काय आहे? काहीच नाही. नवराबायको ह्याहून मोठमोठ्या गोष्टींवर वेगवेगळं बोलतात आणि संध्याकाळी शेजारी बसून जेवतात. मुलगी तर चक्क हसली. टेबलावरून मान लांब करून तिनं बायकोच्या पोटाकडे पाहिलं, सातवा सरत आलेलं पोट, लपवू म्हटलं तरी न लपणारं, आणि म्हणाली, "अच्छा! म्हणजे मांडीवरचं धरून तीन, सोडून दोन. बरोबर ना?" मग तिनं धडाधड सगळं समजावून सांगितलं. दोन वर्षांखालचं मूल आईच्या मांडीवर बसतं, विमानात त्याला वेगळी खुर्ची मिळत नाही, पण तिकीट मात्र काढावंच लागतं. अजून जन्मलं नसलं तरी अडत नाही. सुट्ट्यांच्या गर्दीत लोक आधीच धरून ठेवतात, नावाच्या जागी नुसतं 'बाळ' घालायचं, तारीख अंदाजानं टाकायची, आणि बाळ आलं की एक फोन करून दुरुस्त करून घ्यायचं. "घाबरू नका काका, रोज करते मी हे. ताई, तुम्ही फक्त हो म्हणा." एकाच बाकावर बसलेली दोन माणसं, त्यातली एक ताई आणि एक काका! एरवी ह्यावरून बायकोनं त्याला आठवडाभर सळो की पळो केलं असतं. पण तो बायकोच्या तोंडाकडे बघत होता आणि बायको त्या मुलीच्या दातांकडे बघत होती. तो तिचा धंद्यातला चाळा. ती कवळ्या बनवते. समोरचं माणूस काय बोलतंय ह्याच्या आधी त्याचे वरचे दात खालच्यांवर कसे टेकतात इकडे तिची नजर जाते. "आज राहू द्या," ती म्हणाली. "नक्की ठरवून येतो." आणि बाकाच्या हाताला धरून, एक हात कमरेवर ठेवून, ती सावकाश उठली.

बाहेर ऊन होतं. टायरवाल्याच्या दुकानापुढे एक पोरगेलासा गडी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता, झेरॉक्सच्या दुकानात यंत्र खटखटत होतं, सगळं आपापल्या जागी होतं. ह्याला मात्र विचारायचं होतं, अगदी जिभेवर आलं होतं, की अगं, तू दोन का म्हणालीस? चार शब्द. पण त्याचं असं की उत्तराची खात्री असल्याशिवाय तो प्रश्न विचारत नाही, हाडाचाच तसा. "सावलीतून चाल," तो म्हणाला. "चालते," ती म्हणाली. एवढंच बोलणं बसथांब्यापर्यंत झालं. थांब्यावर बस आली ती नेमकी वेळेवर, आणि सवयीनं त्याला मनातल्या मनात बरं वाटलं, कारण ती वेळ त्याचीच. बसडेपोच्या मागच्या इमारतीत वेळापत्रकाची खोली आहे, तिथे तो बसतो. शहरातली कुठली गाडी कुठून केव्हा सुटते, कुठल्या थांब्याला केव्हा लागते, ड्रायव्हर चहा कुठे पितो, हे तो ठरवतो. जाणं आणि येणं मिळून एक फेरी, हे तिथलं पहिलं कलम. नुसतं जाणं त्याच्या कागदावर बसतच नाही. गेलेली गाडी परत आलीच पाहिजे, नाहीतर उद्या इथून काय सुटणार, कपाळ? आणि दुसरं कलम त्याचं स्वतःचं: प्रत्येक फेरीच्या मध्यावर थोडी मोकळी मिनिटं ठेवायची. रस्त्यात काय व्हायचं ते होऊ दे, गाडी मधल्या थांब्यावर आली की उशीर तिथे पुसून काढायचा. आणि उशीर नसला तर गाडीनं तिथे निवांत उभं राहायचं, वेळेआधी सुटायचं नाही. ह्या जादा मिनिटांपायी ड्रायव्हर लोक त्याला जादासाहेब म्हणतात. कधी प्रेमानं म्हणतात, कधी दातओठ खात.

लिहिलेली गाडी येते, असा त्याचा वीस वर्षांचा विश्वास होता. म्हणून तर तीन लिहायचं होतं. तिकडे दुसऱ्या शहरात, समुद्राजवळ, बायकोची थोरली बहीण राहते आणि तिच्याकडे ह्याचे म्हातारे सासरे. त्यांना आता जिना उतरवत नाही, नातवंडाला एकदा मांडीवर घेतलं की मी मोकळा, असं ते फोनवर सारखं म्हणतात. बाळ दोन महिन्यांचं झालं की आठ दिवस तिघांनी जाऊन यायचं, असं ठरलं होतं. निदान त्यानं तसं धरलं होतं. तीन असं एकदा छापून आलं की मग तिसऱ्याला यावंच लागेल, असं वेड्यासारखं त्याला वाटत होतं, आणि वेड्यासारखं आहे हेही कळत होतं. पण तिनं दोन म्हणून टाकलं. हिनं त्याला आत्ताच मोजायचं सोडून दिलं, बसच्या खिडकीशी बसून तो स्वतःशी म्हणत होता, ही आपली त्या पोराची आशाच सोडून बसली. पुढच्या बाकावर बसलेल्या बायकोची मान त्याला दिसत होती. मानेवर प्लॅस्टरचा पांढरा ठिपका वाळून बसला होता, कवळीच्या साच्याचा, आणि हात लांब करून तो पुसावा असं त्याला वाटलं, पण मध्ये दांडा होता.

मागच्या वेळी उलटं होतं, ते त्याला आठवायचं नव्हतं आणि आठवत होतं. तीन वर्षं झाली. त्या वेळी "तीन!" असं तिनंच फोनवर ओरडून सांगितलं होतं, समुद्राकाठच्या हॉटेलवाल्याला, आणि "बाळाचा पाळणा लागेल, हो, खिडकीजवळ ठेवा" असं हसत हसत बजावलं होतं, आणि हाच मागून "अगं हळू, अजून अवकाश आहे" म्हणत होता. मग तो दिवस. महिन्याची पहिली तारीख, नवीन वेळापत्रक त्याच दिवशी सुरू झालेलं, खोलीत फोनवर फोन. त्यातच तिचा आला. दुखायला लागलंय, बाळ हलत नाहीये, आई टॅक्सीनं दवाखान्यात नेतायत, तू तिकडेच ये. तो उठला तो पळतच फाटकापाशी आला, आणि फाटकाशी गाडी उभी होती. थेट दवाखान्याच्या दारात जाणारी, त्याच्या हातची. पुलावर टॅक्सी अडकून पडेल, बसला वेगळी वाट आहे, बस कधीही आधी पोचेल, असा हिशोब त्यानं धावता धावता केला आणि तो चढला. हिशोब चुकला नव्हता हो, हेच तर आहे! पूल झरकन मागे पडला. पण गाडी मधल्या थांब्यावर आली, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, आरशात केस सारखे केले, आणि तो चहाला उतरला. तेव्हा ह्याच्या लक्षात आलं. ही त्याचीच मोकळी मिनिटं. वेळेवर आलेली गाडी, आता निवांत उभी राहणार. 'अरे चल, माझी बायको तिकडे,' एवढं ओरडला असता तर ड्रायव्हर कप टाकून धावत आला असता, सगळे ओळखीचे. नाहीतर खाली उतरून टॅक्सीला हात करता आला असता. तो बसून राहिला. का, ते आजही त्याला सांगता येत नाही. वेळेआधी सुटली तर पुढच्या थांब्यावरच्या कुणाचीतरी चुकेल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात चाललं होतं. शेजारची एक म्हातारी पिशवीतून चष्मा काढून पुन्हा पिशवीत ठेवत होती, ते तो बघत होता.

डॉक्टर नंतर म्हणाले, तासभर आधी आला असतात तरी बाळाच्या बाबतीत काही फरक पडला नसता, ते आधीच गेलं होतं. ते खरंच असेल. पण बायकोला जेव्हा ते सांगितलं तेव्हा ह्याची आई खाली कागदावर सह्या करत होती, आणि नर्सनं विचारलं, "बरोबर कोण आहे?" तर ती म्हणाली, "येतोय." तो आला. धापा टाकत आला आणि, काय अवदसा आठवली कोण जाणे, तोंड उघडून पहिलं वाक्य हेच बोलला, "बस थांबली होती गं मध्ये." ती छताकडे बघत होती. तिनं मान वळवली आणि एकच शब्द विचारला. "टॅक्सी?" तो रुमाल काढून घाम पुसायला लागला. तिनंही पुन्हा कधी विचारलं नाही, ना दुसऱ्या दिवशी, ना भांडणात, ना झोपेत. तेव्हा तो विषय तिथेच मिटला असं त्यानं धरलं. धरण्यात त्याचा हातखंडा.

आणि मग ती सहल. तिकिटं परत होत नव्हती, हवाबदलानं हिला बरं वाटेल असं तो म्हणाला आणि ती "जाऊ या" म्हणाली. डेपोत ते नव्या कारकुनांना शिकवतात की एक गाडी दोघांच्या नावावर लिहू नका, दोघंही दुसरा नेईल म्हणून घरी बसतात. तसंच झालं. हॉटेलला कळवायचं तिला वाटलं त्यानं कळवलं असेल, त्याला वाटलं तिनं. दार उघडलं तर खिडकीजवळ पाळणा. पांढरी चादर घडी घालून ठेवलेली, वर वीतभर रुंदीचा टॉवेल, आणि एक मऊ ससा, त्याचा एक कान दुमडलेला. तो झपाट्यानं पुढे झाला आणि दांडी धरून ओढायला लागला, तर ती मागून म्हणाली, "असू दे." रडली नाही. दुसऱ्या दिवशी समुद्रावरून आल्यावर तिनं ओले टॉवेल त्या पाळण्यावर वाळत घातले. मग त्यात कंगवा ठेवला, केसांच्या पिना, अर्धं खाल्लेलं बिस्किटाचं पुडकं. चार दिवस त्या पाळण्याचा तिनं असा खुशाल वापर केला आणि तो पलंगावर पडून बघत राहिला, आणि त्याला तिचा राग आला. खराखुरा, तोंड कडू करणारा राग. तिनं हंबरडा फोडला असता तर त्यानं तिला जवळ घेतलं असतं, तेवढी तयारी करूनच तो आला होता. शेवटच्या सकाळी ती म्हणाली, "झोपेत दात खातोस तू. कडाकडा. अशानं झिजून जातील सगळे." तो म्हणाला, "मग?" ती म्हणाली, "मग काय, कवळी करून देईन. घरच्या माणसाला फुकट." आणि ती हसली, आणि तो इतका हसला, इतका हसला की शेजारच्या खोलीतल्यांनी भिंत ठोकली. चला, आली ही रुळावर, असं त्याला वाटलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

आज बसमधून उतरून दोघं घरी आल्यावर आईनं दारातच विचारलं, "झालं का रे तुमचं?" तर हा म्हणाला, "नाही, ठरवून जायचंय पुन्हा." आई टेबलाशी वाळलेले कपडे घेऊन बसली होती, घड्या घालत. तिचं म्हणणं पहिल्यापासून एकच. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! आधी तिची सुखरूप सुटका होऊ दे, मग विमानात बसा नाहीतर चंद्रावर जा." बायको आत आडवी व्हायला गेली तेव्हा त्यानं हळूच आईला सांगितलं, ती दोन म्हणाली. आईचे हात थांबले. "मग? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. एवढं कळत नाही तुला?" "पण आई, तिला असं वाटत असेल का, की हेही..." "वाटत असेल तर तिला विचार ना! माझ्या कानाशी काय कुजबुजतोस? तुझ्या तोंडाला काय कुलूप लावलंय कुणी?" आणि आईनं त्याचाच शर्ट त्याच्या अंगावर भिरकावला. खरं होतं तिचं. पण बायको जर म्हणाली असती की हो, मला वाटतं हेही जाणार, तर? तर मग पुढे काय बोलायचं ह्याची त्याच्याकडे कसलीही तयारी नव्हती. भीती वाटत होती त्याला, सरळ सांगायचं तर, लहान मुलाला वाटते तशी. पोराची वाटत होती, आणि त्याहून जास्त तिच्या तोंडून ते ऐकायची.

मग पुढचे काही दिवस त्यानं काय केलं, तर बायकोवर पाळत ठेवली. कामावरून घरी आला की तो तिच्याकडे बघे, ती काय उचलते, काय ठेवते, आणि सुतावरून स्वर्ग गाठे. गॅलरीतली झाडं तिनं एकेक करून शेजारणीला देऊन टाकली. "वाकवत नाही आता मला, मरतील बिचारी," असं म्हणाली, तर हा 'मरतील' ह्या शब्दापाशीच अडकून बसला. कारखान्यातून तिनं लांबलचक रजा घेतली आणि आपली बारीक कोरणी, घासण्या, मेणाचा दिवा, सगळी हत्यारं फडक्यात गुंडाळून घरी आणली. "तिथे कुणी पळवू नयेत म्हणून?" त्यानं विचारलं. "हत्यारं आपली आपल्याजवळ असावीत," ती म्हणाली. "दात काय, सगळीकडेच पडतात." हा विनोद होता आणि तो हसला. बहिणीशी फोनवर मात्र ती मोकळी बोलायची. खुर्ची गॅलरीत ओढून, पाय कठड्याला लावून, खळखळून हसायची, त्याला आतून ऐकू यायचं. मागच्या खोलीत ऊन येतं का गं, ती विचारत होती, खिडकीला जाळी आहे का, बाबांच्या खोकल्यानं जाग नाही ना येणार. तो वर्तमानपत्र तोंडापुढे धरून ऐकायचा. हसते, म्हणजे बरी आहे. पण मग दोन का म्हणाली? घोडं पुन्हा तिथेच येऊन अडायचं. आपल्याशी ती अशी शेवटची केव्हा हसली होती, हे आठवायला गेला तर ससा आठवायचा, त्याचा तो दुमडलेला कान.

आणि एका सुट्टीच्या सकाळी, बायको आईबरोबर तपासणीला गेली असताना, जादा उशी शोधायला म्हणून त्यानं कपाटाचा खालचा कप्पा उघडला. तिथे प्रवासाची मोठी बॅग होती, आणि ती जड होती. त्यानं चेन ओढली. वर मोजे होते, अंगठ्याएवढे, पांढरे. त्याखाली झबली, धुऊन, इस्त्री करून, दुमडलेली. त्याखाली जरा मोठी झबली. मग त्याहून मोठी. लोकरीची टोपी, लोकरीचे हातमोजे. आणि तळाशी, कागदात गुंडाळलेले, चालायला लागलेल्या मुलाचे बूट, निळे, बंदवाले. तो खाली फरशीवर बसला. बूट हातात घेऊन बसला आणि एकदम रडायला लागला, दवाखान्यात नाही, पाळण्यापाशी नाही, ते आज, तीन वर्षांनी, नाक गळेपर्यंत रडला. अगं वेडे! तुझा विश्वास आहे की! तू तर त्याला चालवलंस, पार बूट घालून चालवलंस! म्हणजे ते 'दोन' म्हणजे नुसतं फुंकणं होतं, आई म्हणत होती तेच खरं, दृष्ट लागू नये म्हणून तोंडानं कमी सांगायचं आणि मनात पूर्ण मोजायचं. आठ दिवसांच्या प्रवासाला, तेही उन्हाळ्यात, लोकरीची टोपी कशाला, असा एक प्रश्न त्याच्या डोक्यात चढू बघत होता, पण त्यानं त्याला दारातच उतरवलं. बूट होते तसे गुंडाळून त्यानं बॅग बंद केली, तोंड धुतलं. आपण जाऊन तीन करून यायचे. तिला बोलायला लावायचंच नाही. तिच्या हातात नुसता कागद ठेवायचा, त्यावर तीन असतील, आणि मग ती काय ते रडेल किंवा हसेल, आणि ह्या वेळी आपण तिथे असू. त्या दोघी आल्यावर आईला म्हणाला, "जरा बुकिंगचं बघून येतो," आणि जिना उतरून रस्त्यावर आला तर समोरून त्याचीच बस येत होती, वेळेवर. त्यानं तिच्याकडे पाठ केली आणि टॅक्सीला हात केला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. टॅक्सीत बसल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं ड्रायव्हरला सांगूनही टाकलं, "घरी बाळ यायचंय." "वा वा साहेब," ड्रायव्हर म्हणाला.

"अरे काका!" काउंटरवरच्या मुलीनं त्याला लगेच ओळखलं. "काही बदलायचंय का? ताई तर परवाच येऊन सगळं करून गेल्या." तो उभ्याउभ्याच हसला. केलं हिनं! आपल्या आधी येऊन केलंसुद्धा! "किती जणांचं केलं?" त्यानं विचारलं, कौतुकानं, उत्तर ठाऊक असल्यासारखं. मुलीनं बटणं दाबली. "दोन," ती म्हणाली. "एक मोठं, एक मांडीवरचं." "नाही," तो म्हणाला, "दोन मोठी आणि एक मांडीवरचं." "नाही हो काका, मी पण विचारलं त्यांना, म्हटलं काका नाहीत का येत? तर म्हणाल्या, त्यांना कामातून सवड नाही होणार." मुलगी हे इतकं सहज म्हणाली की तोही मान हलवत राहिला, हो, बरोबर, सवड नाही. तो बाकावर टेकला, परवा बायको बसली असेल त्याच बाकावर. मग वीस वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडून आपोआप पुढचा प्रश्न गेला. "परतीचं कधीचं आहे?" "परतीचं नकोच म्हणाल्या. एकेरीच काढलंय." टेबलावर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र काचेखाली होतं, आई, बाप, बापाच्या खांद्यावर पोर, मागे समुद्र. त्याची कड उन्हानं पिवळी पडली होती. सगळं त्याच्या डोळ्यांपुढे होतं हो. झाडं, हत्यारं, मागच्या खोलीतलं ऊन, टोपी. काखेत कळसा आणि हा गावभर हिंडत होता. पोराचं काय होणार, पोराचं काय होणार म्हणून जीव टांगणीला लावून बसला होता, आणि पोर तर सुखरूप मोजलेलं होतं पहिल्यापासून. त्या दिवशी ह्याच बाकावर बसून तिनं बरोबर आकडा सांगितला होता. चूक ह्याची, हा एक जास्त म्हणाला.

"आणि काका, तुम्ही ग्रेट आहात हां," मुलगी म्हणत होती. "मी म्हटलं नावाच्या जागी 'बाळ' घालते, तर ताई म्हणाल्या, नाही, नाव ठरलंय. मुलगा झाला काय, मुलगी झाली काय, हेच. इतकं गोड नाव कुठून शोधलंत? बघा, बरोबर लिहिलंय ना मी?" आणि तिनं संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. त्यानं चष्मा काढला. काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसला, एक काच, दुसरी काच, पुन्हा पहिली. पुढ्यातला पडदा नुसता पांढरा निळा दिसत होता, आणि त्यात कुठेतरी त्याच्या पोराचं नाव होतं. आपल्या मुलाचं नाव काय, हे एका अनोळखी मुलीच्या पडद्यावर कसं वाचायचं? "बरोबर आहे," तो म्हणाला. मुलीनं पडदा पुन्हा आपल्याकडे फिरवला. मग ती एकदम पुढे वाकली, डोळे मोठे करून, खोडी काढायच्या आवाजात म्हणाली, "ताईंच्या शेजारची खुर्ची अजून मोकळी आहे. टाकू का तुमचं नाव? गुपचूप! विमानात एकदम शेजारी येऊन बसा, कशा चकित होतील बघा." त्याला ते दिसलं. ती खिडकीशी, मांडीवर ते, त्या नावाचं, आणि आपण पट्टा आवळून शेजारी. ती मान वळवेल. त्या दिवशी वळवली होती तशीच, सावकाश. आणि तिनं काहीही विचारलं तरी आपल्याजवळ त्याचं उत्तर नसेल, आजही नाही. टॅक्सी बाहेर उभी होती, हॉर्न वाजवत होती. तीन वर्षं उशिरा आलेली टॅक्सी. "राहू दे मोकळी," तो म्हणाला. "बाळाचं सामान ठेवायला होईल तिला." "अहो, मोकळी कुठली राहतेय सुट्टीत!" मुलगी हसली. "कुणीतरी येईलच तिथे." "हो," तो म्हणाला. "येईलच."

टॅक्सी सोडून देऊन तो चालत घरी आला. वाटेत मधला थांबा लागला. तिथे एक गाडी उभी होती, इंजिन बंद, माणसं आत वारा घेत बसलेली, आणि ड्रायव्हरनं लांबूनच कप वर करून हाक मारली, "काय जादासाहेब, पायी?" त्यानंही हात वर केला. घरात आई खिडकीशी बसली होती आणि बायको मोठ्या खुर्चीत, सुजलेले पाय स्टुलावर ठेवून, हातात कुणाच्यातरी खालच्या दातांचा साचा, घासणीनं त्याची कड साफ करत. रजेवर असूनही एक काम राहिलेलं तिनं घरी आणलं होतं; एका म्हाताऱ्याला जेवता येत नव्हतं म्हणे. "आलास?" आई म्हणाली. "गेला होतास ना तिकडे? झालं का ते बुकिंग एकदाचं?" घासणी थांबली. बायकोनं वर पाहिलं. त्याच्या दातांकडे नाही, डोळ्यांकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं, आणि तिला कळलं हे त्यालाही कळलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर किती बरं झालं असतं. "झालं," तो म्हणाला. "मग किती जणांचं केलंत शेवटी?" आईनं विचारलं.

"दोन," तो म्हणाला, आणि "दोन," ती म्हणाली. एकाच दमात.

"चला!" आई म्हणाली. "एकदाचं एकमत झालं बाई तुमचं. मी मेली उगीच जीवाला घोर लावून बसले होते." आणि ती उठून दिवा लावायला गेली. बायकोनं स्टुलावरचे पाय खाली घेतले, स्टूल हातानं जरा पुढे सरकवलं, आणि तो त्यावर बसला.